इंग्रजी रोमँटिसिझमची सुरुवात: डॅफोडिल्सच्या आधी काय काय घडलं होतं?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. बीएला इंग्रजी घेतलेल्या कुणालाही विचारा रोमँटिसिझम कधी सुरू झाला, उत्तर ठरलेलं असतं: १७९८, लिरिकल बॅलड्स हा कवितासंग्रह, त्याचे कवी वर्ड्सवर्थ-कोलरिज, निसर्गप्रेम, कल्पनाशक्ती, भावनांचा उत्स्फूर्त आविष्कार, झालं. गाइडमधले पाच मुद्दे लिहिले की दहा मार्क मिळतात. त्यात खोटं काही नाही, पण ही माणसं कशाने एवढी पेटली होती ते त्यातून कळतच नाही. माझं म्हणणं असं की ही कविता एका मोठ्या राजकीय आशेतून उगवली आणि ती आशा मोडल्यावर आता जगायचं कशाच्या जोरावर, या प्रश्नातून वाढली. डोंगर, नद्या, फुलं त्या प्रश्नाच्या मागोमाग आली.

१७८९ ला फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पडला तेव्हा वर्ड्सवर्थ १९ वर्षांचा, केंब्रिजमध्ये. पुढच्या उन्हाळ्यात मित्राबरोबर पायी आल्प्स बघायला निघाला आणि १३ जुलै १७९० ला फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरला, म्हणजे क्रांतीचा पहिला वर्धापनदिन दुसऱ्या दिवशी, सगळा देश सणाच्या मूडमध्ये. १७९१ च्या शेवटी परत गेला आणि या वेळी वर्षभर राहिला. तिथे बोप्वी नावाचा एक लष्करी अधिकारी त्याचा मित्र झाला. 'द प्रिल्यूड' या आत्मचरित्रपर काव्यात एक प्रसंग आहे, दोघं रस्त्याने चाललेत आणि एक उपासमारीने खंगलेली मुलगी गाईचं दावं हाताला बांधून चाललीये, बोप्वी तिच्याकडे बघून म्हणतो, आपण लढतोय ते याच्याविरुद्ध. मला विचाराल तर इंग्रजी रोमँटिसिझमचा उगम शोधायचा असेल तर तो डॅफोडिल्सच्या (वर्ड्सवर्थच्या सगळ्यात गाजलेल्या कवितेतल्या फुलांच्या) रांगेत न शोधता त्या मुलीपाशी शोधावा.

फ्रान्समध्येच त्याचं अ‍ॅनेट व्हॅलाँवर प्रेम बसलं, डिसेंबर १७९२ मध्ये त्यांना मुलगी झाली, कॅरोलिन. त्याच सुमाराला पैसे संपले म्हणून हा इंग्लंडला परतला आणि फेब्रुवारी १७९३ मध्ये दोन्ही देशांत युद्ध सुरू झालं. झाली ताटातूट. लेकीला भेटायला १८०२ साल उजाडावं लागलं, तेव्हा थोडे दिवस तह होता. स्वतःच्या देशाने आपल्या आशेवर आणि आपल्या बायकामुलांवर तोफा रोखल्यात ही अवस्था काय असेल बघा. प्रिल्यूडमध्येच त्याने लिहिलंय की गावच्या चर्चमध्ये इंग्लंडच्या विजयासाठी प्रार्थना चालायच्या आणि आपण एकटेच न बोलावलेल्या पाहुण्यासारखे गप्प बसून असायचो. तिकडे पॅरिसमध्ये गिलोटिन सुरू, म्हणजे ज्यांच्या बाजूने उभं राहायचं त्यांचेच हात रक्ताने भरलेले. इकडे पंतप्रधान पिटच्या सरकारने १७९४ मध्ये हेबिअस कॉर्पस (विनाखटला डांबून ठेवण्याविरुद्धचं कायद्याचं संरक्षण) स्थगित केलं आणि मतदानाचा हक्क मागणाऱ्यांवर राजद्रोहाचे खटले भरले. कुणाकडे बघायचं?

आता मुख्य गोष्ट. १७९७ च्या जुलैत वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी सॉमरसेटमध्ये अ‍ॅलफॉक्सडन नावाचं मोठं घर वर्षाला २३ पौंड भाड्याने घेऊन राहायला आले, कारण कोलरिज तिथून जवळच नेदर स्टोवी गावात होता. त्याच महिन्यात त्यांच्याकडे जॉन थेलवॉल येऊन राहिला, हा १७९४ च्या खटल्यातून निर्दोष सुटलेला प्रसिद्ध वक्ता, सरकारच्या काळ्या यादीतला. फेब्रुवारीतच वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डला फ्रेंच सैनिक उतरून गेलेले, त्यामुळे किनारपट्टी आधीच घाबरलेली. आणि ही माणसं रात्री-अपरात्री डोंगरात फिरतात, वह्या घेऊन फिरतात, ओढा समुद्रापर्यंत होडीने जाण्यासारखा आहे का असं विचारतात. गावात कुजबुज झाली, गृहखात्याला पत्र गेलं आणि ऑगस्टमध्ये जेम्स वॉल्श नावाचा सरकारी हेर स्टोवीच्या खानावळीत येऊन उतरला. त्याने कळवलं की हे काही फ्रेंच नाहीत, ही सरकारवर नाराज असलेली उपद्रवी इंग्रज टोळी आहे. घराच्या भाड्याचा करार पुढे वाढवून मिळाला नाही, १७९८ च्या जूनमध्ये घर सुटलं.

आणि याच बारा महिन्यांत लिरिकल बॅलड्समधल्या बहुतेक कविता लिहिल्या गेल्या! हे कुणी वर्गात सांगत नाही. पुस्तक निनावी का निघालं तर कोलरिजने ब्रिस्टलच्या प्रकाशकाला, जोसेफ कॉटलला, स्पष्ट कळवलं होतं की वर्ड्सवर्थच्या नावाला काही किंमत नाही आणि माझं नाव तर बऱ्याच लोकांच्या नाकाला झोंबतं. ५०० प्रती. कोलरिजच्या चार कविता, बाकी १९ वर्ड्सवर्थच्या. त्यात आहे कोण कोण: पाय सुजलेला म्हातारा शिकारी आणि त्याची बायको, कुंपणाच्या काटक्या चोरल्या म्हणून पकडलेली थंडीने काकडणारी म्हातारी, युद्धात नवरा आणि तिन्ही मुलं गमावलेली भटकी बाई, मुलांना पोसण्यासाठी कळपातली शेवटची मेंढी उचलून नेताना रस्त्यात रडणारा पुरुष. निसर्गकवितेचं पुस्तक म्हणून हे उघडलं तर धक्काच बसेल.

तुमची मतं सांगा, विरोधी असतील तर जास्तच सांगा.

चिंचगुळ

जबरदस्त धागा! हेराचं अजिबात माहीत नव्हतं. लिरिकल बॅलड्सच्या प्रस्तावनेबद्दल पण लिहा ना, आम्हाला तर प्रस्तावनाच रोमँटिसिझमचा जाहीरनामा म्हणून शिकवली.

गोदाकाठ

निळीशाई, लेख मनापासून आवडला, तरी सगळा उगम क्रांतीत शोधणं मला पटत नाही. १७८९ च्या आधीची चाळीस वर्षं तुम्ही एका फटक्यात बाजूला ठेवलीत.

टॉमस ग्रेचं गावातल्या स्मशानातलं विलापगीत १७५१ चं, त्यात गावात अनाम मेलेल्या शेतकऱ्यांचा विचार आहे, यांच्यातही एखादा मिल्टनसारखा महाकवी असेल जो कधी बोललाच नाही. १७५७ मध्ये विचारवंत एडमंड बर्कने भव्य आणि भीषण गोष्टी बघून मनाला काय होतं यावर अख्खा प्रबंध लिहिला, त्यानंतर कडे, धबधबे, वादळं बघायची लोकांची नजरच बदलली. (हाच बर्क पुढे १७९० मध्ये क्रांतीचा सगळ्यात मोठा विरोधक झाला, म्हणजे रोमँटिक नजर आणि क्रांती यांची जोडी तेवढी पक्की नाही.) १७६० पासून मॅकफर्सनचा ऑसियन आला, प्राचीन गेलिक कवी म्हणून युरोपभर गाजला, बहुतेक मजकूर मॅकफर्सनच्याच हातचा होता हे नंतर पुढे आलं, पण धुकं, समाधी, हरलेले वीर यांची ओढ लोकांना लागली ती लागलीच. १७६४ मध्ये वॉलपोलने भुताखेतांच्या गढीची कादंबरी लिहून गॉथिक सुरू केलं. आणि १७६५ मध्ये बिशप पर्सीने जुने बॅलड म्हणजे लोकांच्या तोंडची कथागीतं गोळा करून छापली. लिरिकल बॅलड्समधल्या कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेची जी चाल आहे, चार ओळींचं कडवं, ठेका धरून सांगितलेली गोष्ट, ती सरळ त्या जुन्या बॅलडमधून आलेली आहे. पर्सी नसता तर 'लिरिकल बॅलड्स' मधला बॅलड शब्द पण नसता.

रॉबर्ट बर्न्स तर तुम्ही सोडूनच दिलात. १७८६, किलमार्नक, स्कॉटलंड. स्वतः नांगर धरणारा माणूस, आपल्या बोलीत लिहितोय, नांगराखाली उंदराचं बीळ मोडलं म्हणून उंदराची माफी मागतोय. सामान्य माणसाच्या भाषेत कविता लिहायची हे वर्ड्सवर्थने १८०० मध्ये तत्त्व म्हणून मांडलं, बर्न्सने १४ वर्षं आधी करून दाखवलं होतं.

आणि शार्लट स्मिथ. हिचं नाव तर आपल्याकडे कुणी घेतच नाही. नवरा कर्जापायी तुरुंगात, हीसुद्धा काही काळ तिथे त्याच्याबरोबर, पदरात मुलांचं लेंढार, पैसा उभा करायला हिने १७८४ मध्ये स्वतःची सॉनेट्स (चौदा ओळींच्या कविता) छापली आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. एकटा जीव, नदीकाठ, संध्याकाळ, आतलं दुःख बाहेरच्या निसर्गाशी बोलतंय, हा जो साचा आपण वर्ड्सवर्थच्या नावावर जमा करतो तो तिच्याकडे आधी पूर्ण तयार आहे. १७९१ मध्ये फ्रान्सला जाताना तो मुद्दाम ब्रायटनला तिला भेटून गेला होता. पुढे म्हातारपणी त्याने स्वतः लिहून ठेवलं की इंग्रजी कवितेवर या बाईचे जेवढे उपकार आहेत तेवढे कुणी मान्य करणार नाही आणि लक्षातही ठेवणार नाही. तसंच झालं.

निळीशाई

गोदाकाठ, याच्यासाठीच धागा काढला होता! सामग्री आधीची आहे हे शंभर टक्के मान्य, स्मिथबद्दल तर दुप्पट मान्य. पण हे सगळं विखुरलेलं होतं, कुणी जुनी गाणी गोळा करतंय, कुणी भुतांच्या गोष्टी लिहितंय, कुणी स्मशानात बसलंय. त्या सगळ्याला एक कारण मिळालं ते १७८९ नंतर. बर्न्स बोलीत लिहितो कारण ती त्याची भाषा आहे. वर्ड्सवर्थ गरिबांच्या बोलण्याजवळची भाषा निवडतो तेव्हा तो एक बाजू घेत असतो, आणि ते टीकाकारांनी बरोबर ओळखलं होतं. चिंचगुळ, प्रस्तावना १७९८ ला नव्हतीच, ती १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडली, १८०२ मध्ये वाढवली. त्यातलं एकच वाक्य सगळ्यांना पाठ असतं, भावनांच्या उत्स्फूर्त ओसंडण्याचं, पण त्याच वाक्यात पुढे म्हटलंय की चांगली कविता त्याच्याकडून होते ज्याने दीर्घ आणि खोल विचार केलाय. आणि त्याच प्रस्तावनेत शहरात दाटीवाटीने भरलेली माणसं, रोजचं तेच ते काम, दर तासाला नवी सनसनाटी बातमी मागणारं मन, यावर पोटतिडकीने लिहिलंय, आज वाचलं तरी अंगावर येतं. १८०२ मध्ये एडिनबर्ग रिव्ह्यूमध्ये फ्रान्सिस जेफ्रीने या मंडळींना एक पंथ म्हणून झोडपलं तेव्हा त्याचा राग असा होता की हे लोक समाजव्यवस्थेवर नाखूष आहेत आणि खालच्या वर्गाच्या भाषेला काव्य समजतात.

पाऊलवाट

ब्लेक कुठे बसतो यात? तो ना वर्ड्सवर्थच्या लेक डिस्ट्रिक्टचा, ना त्या ग्रुपमधला.

उंबरठा

ब्लेक माझा जीव की प्राण म्हणून मी लिहिते. ब्लेक पक्का लंडनचा, १७५७ चा जन्म, धंद्याने एन्ग्रेव्हर म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा. त्याने स्वतःची पद्धत काढली, पत्र्यावर अक्षरं उलटी आणि चित्रं एकत्र लिहायची, बाकीचा पत्रा अ‍ॅसिडने खाऊ द्यायचा, छापायचं आणि मग हाताने रंग भरायचे, बायको कॅथरिन बरोबरीने काम करायची. १७८९ ला 'इनोसन्स' ची गाणी, १७९४ ला त्याला 'एक्सपिरियन्स' ची जोड. म्हणजे क्रांतीचं वर्ष आणि राजद्रोहाच्या खटल्यांचं वर्ष, निळीशाईच्या बाजूने आणखी एक पुरावा घ्या. त्याची चिमणी साफ करणारी पोरं बघा, बोबडं बोलायच्या वयात बापाने विकलेली. १७८८ मध्ये कायदा झाला की आठ वर्षांच्या आतल्या मुलाला या कामाला घ्यायचं नाही, आणि कागदावरच राहिला. 'लंडन' या कवितेत रस्तेच काय थेम्स नदी पण कुणाच्या तरी सनदेने बांधलेली आहे आणि प्रत्येक चेहऱ्यावर खूण. यात डोंगर नाही, तळं नाही, ओढा नाही. १६ ओळींत अख्खं शहर. तरी हा रोमँटिक नाही असं कुणी म्हणू शकेल का? आणि सरकारने यालाही सोडलं नाही, बागेत घुसलेल्या एका सैनिकाला हाकलून दिलं म्हणून त्या सैनिकाने तक्रार केली की हा राजाविरुद्ध बोलला, १८०४ मध्ये चिचेस्टरला राजद्रोहाचा खटला चालला, निर्दोष सुटला.

रानवारा

मी साहित्याचा माणूस नाही, शेतीच्या इतिहासात रस आहे म्हणून डोकावलो आणि अडकलोच. तुमच्या चर्चेत एन्क्लोजरचा उल्लेख कसा नाही आला? त्या काळात पार्लमेंट एकामागून एक कायदे करून गावाची सामायिक कुरणं कुंपण घालून मोठ्या जमीनदारांना देत होतं. गुरं चारायची जागा गेली, सरपण गोळा करायची जागा गेली. ती काटक्या चोरणारी म्हातारी (गुडी ब्लेक ना ती?) चोर कधी ठरली, तर काटक्या कुणाच्या तरी मालकीच्या कुंपणातल्या झाल्या तेव्हा.

आणि वर्ड्सवर्थची 'मायकल' ही कविता मी शेतकऱ्याच्या घरातला म्हणून वेगळी वाचतो. ८० च्या पुढचा मेंढपाळ, वडिलोपार्जित जमीन, पुतण्याला जामीन राहिला आणि तो बुडाला, आता जमीन विकायची का एकुलत्या एक पोराला पैसे कमवायला शहरात धाडायचं? पोरगा जायच्या आधी बाप त्याच्या हाताने मेंढवाड्याचा पहिला दगड बसवून घेतो. पोरगा शहरात बिघडतो, परागंदा होतो. म्हातारा त्या अर्धवट भिंतीपाशी अधूनमधून जातो आणि कित्येकदा एकही दगड न उचलता परत येतो. असा बाप आमच्या भावकीत मी बघितलाय, म्हणून ही कविता २०० वर्षांपूर्वीची वाटत नाही. एवढंच आठवतं की वर्ड्सवर्थने हे पुस्तक एका पुढाऱ्याला पाठवलं होतं, कुणी सांगेल का?

निळीशाई

चार्ल्स जेम्स फॉक्स, विरोधी पक्षाचा नेता, जानेवारी १८०१. सोबतचं पत्र वाचाच. त्यात तो म्हणतो की कारखाने, वाढलेली महागाई, वर्कहाउस (निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवायची घरं), यांनी गरिबांच्या घरातली माया तुटत चाललीये, आमच्याकडचे छोटे जमीनमालक झपाट्याने नाहीसे होतायत, आणि या कविता मी हे दाखवायला लिहिल्या की अंगावर भारी कपडे नसलेली माणसंही खोलवर भावना अनुभवतात. कवी आपलं पुस्तक देशातल्या राजकीय नेत्याला पाठवतो आणि सांगतो याच्यात तुमच्या कामाचं काहीतरी आहे. रानवारा, तुमची प्रतिक्रिया धाग्याच्या लेखापेक्षा चांगली आहे.

मारवा

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. सगळं राजकारणात ओढायचं म्हटलं की कविता हातातून जाते. 'टिंटर्न अ‍ॅबी' घ्या. शीर्षकातच तारीख आहे, १३ जुलै १७९८. आता अभ्यासक म्हणतात बघा, बॅस्टिलच्या आदल्या दिवसाची तारीख, आणि अ‍ॅबीच्या अवशेषांत तेव्हा भिकारी राहायचे, जवळ लोखंडाच्या भट्ट्या होत्या, गिल्पिनच्या १७८२ च्या प्रवासवर्णनात ते सगळं नोंदलंय, आणि वर्ड्सवर्थने ते मुद्दाम कवितेतून गाळलं, म्हणजे ही कविता पळपुटी. मला हे वाचन अन्यायकारक वाटतं. पाच वर्षांनी एक माणूस त्याच नदीकाठी उभा आहे, मधल्या काळात आपलं काय गेलं आणि काय उरलं ते तपासतोय, त्याची वाक्यं बघा, एकेक वाक्य आठ-दहा ओळी वळणं घेत जातं, अडखळतं, स्वतःवरच शंका घेतं आणि पुन्हा उभं राहतं. मन कसं काम करतं हे याआधी इंग्रजी कवितेत असं कुणी उतरवलं नव्हतं. कोलरिजने 'फ्रॉस्ट अ‍ॅट मिडनाइट' मध्ये त्याच वर्षी फेब्रुवारीत केलं, रात्र, शेजारी झोपलेलं बाळ, शेगडीवर फडफडणारी काजळी, आणि विचार कुठून कुठे. माझ्या मते रोमँटिसिझमचा खरा शोध हाच. त्याला राजकीय कारण असेलही, पण कारण म्हणजे कविता नव्हे.

निळीशाई

मारवा, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. कवितेला पळपुटी म्हणणारे मलाही पटत नाहीत. पण तुम्ही म्हणता ते आणि मी म्हणते ते वेगळं आहे का? पाच वर्षांपूर्वी म्हणजे १७९३, युद्ध सुरू झालेलं, अ‍ॅनेट पलीकडे. तो म्हणतो तेव्हा मी इथे आलो तो ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याकडे धावत आल्यासारखा नव्हतो, ज्याची भीती वाटते त्याच्यापासून पळत असल्यासारखा होतो. ती भीती कुठली? आणि कवितेच्या मध्यावर त्याला निसर्गात जे ऐकू येतं ते माणसांचं शांत करुण संगीत आहे, पाखरांचं नाही. ते वाक्यं अडखळणं, शंका घेणं, ते मला मोठा भरवसा तुटलेल्या माणसाचं बोलणं वाटतं. तंत्र तिथूनच आलं असं मी म्हणेन. बाकी वाक्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर, ते मी मूळ लेखात घ्यायला हवं असं वाटतं.

उंबरठा

या दोघांच्या भांडणात टिंटर्नच्या काठावर उभी असलेली तिसरी व्यक्ती राहिली. डोरोथी शेजारी आहे आणि हे कळतं शेवटच्या पन्नासेक ओळींत. डॅफोडिल्सचं तर विचारूच नका. १५ एप्रिल १८०२ ला भाऊ-बहीण अल्सवॉटर तळ्याच्या काठाने चालत होते, वारा भयंकर, तिने रोजनिशीत लिहून ठेवलं की काही फुलं दगडांवर डोकं टेकून दमल्यासारखी विसावली होती आणि बाकीची डोलत, गिरक्या घेत, नाचत होती, तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर हसत असल्यासारखी. भावाने दोन वर्षांनी कविता लिहिली आणि पहिल्याच ओळीत तो एकटा फिरत होता! अंतर्दृष्टी म्हणजे एकांताचं सुख, या अर्थाच्या ज्या दोन ओळी कवितेचा प्राण आहेत त्या त्याच्या बायकोच्या, मेरीच्या, आणि कवितेतल्या सगळ्यात चांगल्या दोन ओळी याच असं तो स्वतःच सांगायचा. एकट्या पुरुषाची म्हणून जगभर गाजलेली कविता तिघांच्या घरात तयार झाली. डोरोथीची रोजनिशी ती जिवंत असेपर्यंत छापली नाही. रोमँटिसिझमचा इतिहास लिहिताना तिला फक्त बहीण म्हणून तळटीपेत टाकतात याचा मला खरंच त्रास होतो.

चिंचगुळ

दुसऱ्या पिढीबद्दल कुणी लिहील का? बायरन, शेली, कीट्स. हे तर १७८९ नंतर जन्मले ना, मग यांची आशा कुठली?

मारवा

बायरन १७८८, शेली १७९२, कीट्स १७९५. यांना क्रांती आठवत नाही, यांना आठवतं ते नेपोलियन, वॉटर्लू आणि १८१५ नंतर युरोपभर परत बसवलेले राजे. आणि यांना आधीच्या पिढीचा राग आहे. वर्ड्सवर्थने १८१३ मध्ये सरकारी स्टॅम्पांच्या वाटपाची नोकरी घेतली, त्याचा कवीमित्र साउदी त्याच वर्षी राजकवी झाला. शेलीने १८१६ मध्ये वर्ड्सवर्थवर सॉनेट छापलं, त्याचा भाव असा की तू जिवंत आहेस पण आमच्यासाठी होतास तो आता नाहीस. शेलीला स्वतःला नास्तिकतेवरच्या पत्रकापायी १८११ मध्ये ऑक्सफर्डने काढून टाकलं होतं. बायरनचं उमरावांच्या सभागृहातलं पहिलं भाषण २७ फेब्रुवारी १८१२ चं, यंत्रमाग फोडणाऱ्या विणकरांना फाशी द्यायच्या विधेयकाविरुद्ध, आणि पुढच्याच महिन्यात 'चाइल्ड हॅरल्ड' आलं आणि तो एका रात्रीत प्रसिद्ध झाला. प्रसिद्धी कसली तर १८१४ ला 'द कॉर्सेअर' च्या पहिल्याच दिवशी १०,००० प्रती खपल्या. ५०० प्रतींच्या लिरिकल बॅलड्सशेजारी हा आकडा ठेवून बघा. १८१६ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी पाऊस थांबेना, आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता त्याने युरोपचा उन्हाळाच गेला, तिथे बायरनने सुचवलं की प्रत्येकाने भुताची गोष्ट लिहायची आणि शेलीबरोबर असलेल्या १८ वर्षांच्या मेरीने (पुढची मेरी शेली) फ्रँकेन्स्टाइनला सुरुवात केली. निर्माण करून जबाबदारी झटकणाऱ्या माणसाची ती गोष्ट मला या सगळ्या कवींना दिलेलं उत्तर वाटते.

आणि निळीशाईला एक देणं देतो. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरला मताचा हक्क मागायला जमलेल्या ६०,००० च्या आसपास लोकांवर घोडदळ घातलं, पीटर्लू. शेलीला इटलीत कळलं, त्याने 'द मास्क ऑफ अ‍ॅनार्की' लिहून संपादक मित्र ली हंटकडे पाठवली, तुम्ही खूप आहात, ते थोडे आहेत, हंटने भीतीने छापली नाही, छापली १८३२ मध्ये, शेली बुडून दहा वर्षं झालेली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण १३ सप्टेंबरला त्या सभेचा वक्ता हेन्री हंट (हा वेगळा हंट) लंडनला आला तेव्हा गर्दीत कीट्स होता, पत्रात लिहिलंय त्याने. सहा दिवसांनी, १९ सप्टेंबरला, विंचेस्टरला त्याने 'टू ऑटम' लिहिली. डोक्यावर धान्याचा भारा सांभाळत ओढा ओलांडणारी सरवा वेचणारी, पिकलेलं फळ, गुणगुणणारी चिलटं. राजकारणाचा एक शब्द नाही. मी कविता म्हणून ती कविताच वाचेन, पण ही तारीख डोक्यातून जात नाही हे खरं.

गोदाकाठ

मारवा, क्या बात है. आता आपल्याकडचं थोडं बोलतो, खरा संबंध आहे म्हणून. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झालं आणि इंग्रजी कविता शिकून बाहेर पडलेल्या पिढीतून केशवसुत आले (१८६६ ते १९०५). मराठीत सॉनेट त्यांनी आणलं. आपण 'तुतारी' वर थांबतो, पण 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' आणि 'मजुरावर उपासमारीची पाळी' ही नुसती शीर्षकं वाचा. वर निळीशाईने सांगितलेली म्हातारी, मेंढीवाला, भटकी बाई यांच्या पंगतीत ती माणसं सरळ बसतात. पुढे बालकवींनी फुलराणी, निर्झर, औदुंबर दिले आणि ते अप्रतिमच आहेत, माझे सर्वांत आवडते कवी, पण त्यानंतर आपल्या शाळाकॉलेजात रोमँटिक म्हणजे बालकवी असं समीकरण बसलं आणि केशवसुतांमधला तो मजूर बाजूला पडला. इंग्लंडात वर्ड्सवर्थचं जे झालं तेच इथे केशवसुतांचं झालं.

पाऊलवाट

हे सगळं वाचून आता मूळ कविता वाचाव्या वाटतायत. सुरुवात कुठून करू? इंग्रजी बेताचं आहे माझं.

निळीशाई

पाऊलवाट, इंग्रजी बेताचं असलं तर उलट बरंच आहे, ही कविता बेताच्या शब्दांतच लिहिलीये. आधी ब्लेकची गाणी घ्या, शक्य असेल तर चित्रांसकट, नेटवर रंगीत पानं मिळतात. मग गोदाकाठ म्हणाले तसं शार्लट स्मिथची दोन-चार सॉनेट्स, मग रानवारांचा 'मायकल'.

आणि नंतर वेळ काढून 'द रुइन्ड कॉटेज', १७९७-९८ ची, त्याच अ‍ॅलफॉक्सडनच्या काळात आकाराला आलेली. मार्गारेट नावाची बाई, नवरा विणकर, लागोपाठ दोन वर्षं पीक बुडालं, त्यात युद्ध, मग त्याला ताप आला आणि बरा झाला तेव्हा काम गेलेलं. एके दिवशी सकाळी खिडकीत सोन्याच्या नाण्यांची पुरचुंडी सापडते, सैन्यात भरती झाल्याबद्दल मिळालेले पैसे तिच्यासाठी ठेवून तो न सांगता निघून गेलाय. ती वर्षानुवर्षं वाट बघते, येणाऱ्या प्रत्येक सैनिकाला विचारते, आणि घराभोवतीची बाग हळूहळू रानटी होत घरात शिरते. मारवा, तुमचं आणि माझं म्हणणं या एका कवितेत एकत्र नांदतंय असं मला वाटतं, तुम्ही पण परत वाचून सांगा.

'प्रिल्यूड' घ्यायचं झालं तर १८०५ ची आवृत्ती बघून घ्या, १८५० ची नको. तो आयुष्यभर ते दुरुस्त करत राहिला आणि मेल्यावर १८५० मध्ये जे छापलं गेलं त्यात त्याने बर्कची स्तुती घातलेली आहे, त्याच बर्कची. १८०५ चा मजकूर लोकांना थेट १९२६ मध्ये वाचायला मिळाला. त्यातला नववा भाग आधी काढा, गाय घेऊन चाललेली मुलगी त्यातच भेटेल, आणि वाचून झालं की इथे येऊन लिहा, धागा चालू आहे.